रेसमध्ये पाय मोडलेल्या घोड्याला वाचवत का नाहीत, आणि रेस बघायला जावं का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. ऑगस्टमधल्या एका रविवारी तुम्ही सासऱ्यांबरोबर पुण्याच्या रेसकोर्सवर गेलात, सोबत नऊ वर्षांची मुलगी होती. शेवटच्या वळणावर एक घोडा अडखळला आणि पुढचा एक पाय उचलून तिथेच थरथरत उभा राहिला. माणसं धावत गेली, भोवती पडदा धरला, आणि थोड्या वेळानं त्याला गाडीत घालून नेलं. मुलीला तो मेल्याचं घरी आल्यावर कळलं. ती विचारतेय, आजीचा खुबा मोडला तेव्हा तिला प्लेट बसवली, मग घोड्याला का नाही बसवली? सासरे म्हणतात, त्याच्यासाठी तेच बरं असतं. आणि तुम्हाला ठरवता येत नाहीये की पुढच्या मोसमात जावं की नाही.

मी गेली चोवीस वर्षं घोड्यांची डॉक्टर आहे. त्यातली पहिली सात रेसच्या तबेल्यांमध्ये गेली. त्यानंतर राइडिंग स्कूलचे घोडे, वरातीचे घोडे, थंड हवेच्या ठिकाणी फेऱ्या मारणारे घोडे, आणि रेसमधून बाहेर पडलेले, हे सगळं बघते. म्हणून या जनावराचा चार वर्षांचा असतानाचा तोरा मी पाहिलाय आणि सतराव्या वर्षी त्याची काय अवस्था असते तेही पाहिलंय.

तुमच्या मुलीचा प्रश्न वैद्यकीय आहे आणि त्याचं उत्तर बऱ्यापैकी स्वच्छ देता येतं. तुमचा प्रश्न वेगळा आहे. त्याचं उत्तर त्या पडद्यामागच्या दहा मिनिटांत सापडणार नाही. त्यासाठी त्या घोड्याच्या आयुष्यात त्या रविवारच्या आधी काय झालं आणि जे वाचले त्यांचं पुढे काय होतं, हे बघावं लागेल.

आधी मुलीचं. घोड्याच्या पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली हात लावून बघितलात तर लक्षात येईल, तिथे मांस नावाला नाही. कातडी, तिच्याखाली दोरखंडासारख्या कंडरा (टेंडन) आणि नळीचं हाड. वर साडेचारशे-पाचशे किलोंचं धूड, वेग ताशी साठ किलोमीटरच्या आसपास, आणि भरधाव दौडीत एका क्षणी हा सगळा भार एकाच पुढच्या पायावर येतो. तेव्हा त्या पायावर घोड्याच्या वजनाच्या दुपटीहून जास्त ताण असतो. अशा वेळी हाड मोडतं तेव्हा आजीच्या खुब्यासारखं एका रेषेत मोडत नाही, बऱ्याचदा त्याचा भुगा होतो. थांबेपर्यंत घोडा त्याच पायावर आणखी चार-सहा ढांगा टाकतो. तुकडे कातडी फाडून बाहेर येतात, त्यात माती जाते, आणि मुळातच कमी असलेला रक्तपुरवठा तुटतो.

तरी समजा, ऑपरेशन करून हाड जोडलं. आजी दीड महिना पलंगावर पडून राहिली असेल. घोड्याला पडून राहता येत नाही. फार वेळ आडवा राहिला तर स्वतःच्याच वजनानं त्याचे स्नायू दबून मरायला लागतात, खालचं फुप्फुस नीट भरत नाही, आतडी मंदावतात. म्हणजे त्याला उभंच राहायचंय, तेही तीन पायांवर. आणि मग खरा घात होतो तो चांगल्या पायात. खुराच्या आत हाड एका नाजूक पडद्याला लटकलेलं असतं, आपलं नख बोटाला धरून असतं तसं. जास्तीचा भार आठवड्यानुआठवडे पडला की त्या पडद्याचा रक्तपुरवठा बिघडतो, तो सुटत जातो आणि हाड खुराच्या आत खाली सरकायला लागतं. याला लॅमिनायटिस म्हणतात. त्याच्या वेदना मी शब्दांत सांगू शकत नाही. ज्यांनी तसा घोडा पाहिलाय, त्याचे ताणलेले ओठ आणि शून्यात लागलेले डोळे पाहिलेत, त्यांना सांगावं लागत नाही.

अमेरिकेतला बार्बारो नावाचा घोडा २००६ मध्ये केंटकी डर्बी जिंकला आणि दोनच आठवड्यांनी पुढच्या मोठ्या रेसमध्ये त्याचा मागचा उजवा पाय चकनाचूर झाला. मालकांकडे पैशाला तोटा नव्हता, देशातले उत्तमोत्तम सर्जन होते, आणि मोडलेला पाय बराचसा जुळलाही. पण दुसऱ्या मागच्या पायाला लॅमिनायटिस झाला, नंतर पुढच्या पायांनाही. आठ महिन्यांहून जास्त झुंजल्यावर जानेवारी २००७ मध्ये त्याला निरोप द्यावा लागला.

प्रत्येक मोडलेला पाय म्हणजे मरण, असं मात्र समजू नका. गुडघ्यातला छोटा टवका दुर्बिणीनं काढता येतो. नळीच्या खालच्या टोकाला सरळ चीर गेली असेल तर स्क्रू घालून ती भरून येते, आणि असे घोडे पुन्हा व्यवस्थित चालतात. कुठलं हाड, कातडी फाटली का, सांध्यात किती तुकडे, रक्त पोचतंय का, घोडा स्वभावानं शांत आहे का, यावर सगळं अवलंबून असतं. पण तुम्ही वर्णन केलंय त्यावरून, पाय खालून लोंबत होता असं तुम्ही म्हणता त्यावरून, मी तिथे असते तर मीही तेच केलं असतं. पडदा प्रेक्षकांपासून लपवायला असतोच, पण त्यामुळे घोड्यालाही आडोसा मिळतो, तो आणखी बिथरत नाही. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग शेवटचं. नीट दिलं तर तो क्षण शांत असतो. तेवढ्यापुरतं तुमच्या सासऱ्यांचं बरोबर आहे.

पण "त्याच्यासाठी तेच बरं" हे वाक्य पाय मोडल्यानंतर खरं होतं. तो मोडला का, हा प्रश्न त्या वाक्याखाली दडून जातो.

लोकांना वाटतं चुकीचं पाऊल पडलं, खड्डा लागला, नशीब. कधीकधी ते खरंही असतं. पण कॅलिफोर्नियात १९९० पासून रेसकोर्सवर मेलेल्या प्रत्येक घोड्याचं शवविच्छेदन करतात, आणि त्यातून पुन्हापुन्हा एकच गोष्ट समोर आली: जीवघेण्या मोडींपैकी बहुतेकांमध्ये त्या जागी आधीपासून बारीक तडे होते. हाड जिवंत असतं. रोजच्या दौडीनं त्याला सूक्ष्म इजा होते, शरीर ती जागा पोखरून नवीन हाड भरतं. पोखरणं लवकर होतं, भरणं सावकाश. मधल्या काळात हाड तात्पुरतं कमकुवत असतं. त्याच काळात पुन्हा जोराची दौड झाली की तडा वाढतो. एखाद्या रविवारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तो पार जातो.

यात वयाचा मुद्दा येतो, आणि त्याबद्दल दोन्ही बाजूंनी अर्धवट बोललं जातं. रेसच्या घोड्यांचा वाढदिवस आपल्याकडे १ जानेवारीला धरतात, जन्म मार्च-एप्रिलचा असला तरी. दोन वर्षांचं शिंगरू म्हणजे कागदावर दोन वर्षांचं. त्याच्या गुडघ्याच्या वरच्या हाडातली वाढीची कूर्चा साधारण दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान बंद होते, पाठीच्या मणक्यांमधली तर पाच वर्षं उलटल्यावर. म्हणून पुष्कळ प्राणिप्रेमी म्हणतात, तीन वर्षांपर्यंत पाठीवर बोटसुद्धा ठेवू नका. तेही शास्त्राला धरून नाही. लहान वयात, मोकळ्या रानात, थोडं थोडं पळालेल्या शिंगराचं हाड जास्त दाट होतं, हे मी स्वतः एक्स-रेमध्ये पाहिलंय. मला त्रास देतं ते वेळापत्रक. मोसमाच्या तारखा छापून झालेल्या असतात, बक्षिसाची रक्कम ठरलेली असते, आणि शिंगराच्या हाडानं त्या तारखेपर्यंत तयार व्हायचं असतं. नळीच्या पुढच्या बाजूला सूज येते, हात लावला की शिंगरू पाय झटकतं, आणि तबेल्यात सगळे म्हणतात, "होतंच या वयात." होतं, कारण आपण करतो.

आता एक सांगते, जे मी फार थोड्यांना सांगितलंय. तबेल्यातली माझी पाचवी-सहावी वर्षं. एक कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी घोडी होती, चार वर्षांची, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. पहाटे पाचला, अजून अंधार होता, खरारा करता करता तिच्या सईसानं, म्हणजे तिची देखभाल करणाऱ्या माणसानं, मला हाक मारली. "बाई, उजवा पाय बघा जरा. रात्रीपासून ऊन लागतोय." मी हात ठेवला. खुराच्या वरचा सांधा खरंच ऊन होता, दुसऱ्या पायाच्या मानानं किंचित भरलेला. दुडक्या चालीनं चालवून घेतली तर मान अगदी थोडी खालीवर होत होती. मी म्हटलं, एक्स-रे काढू, तीन आठवडे विश्रांती. ट्रेनर म्हणाले, रविवारी रेस आहे, मालक येणार आहेत, सांध्यात इंजेक्शन द्या. मी वाद घातला. थोडा. मग दिलं. सूज उतरली, लंगडणं गेलं, घोडी धावली, तिसरी आली, सगळे खूश झाले. अकरा दिवसांनी सकाळच्या कामाला तोच पाय त्याच सांध्यापाशी मोडला. नंतर हाड उघडून बघितलं तेव्हा मोडीच्या एका बाजूची कड जुनी, पांढुरकी, दगडासारखी कडक झालेली होती. तडा आधीचा होता. वेदना हा एकच पहारेकरी तिच्याकडे होता, आणि त्याला मी झोपवलं होतं.

त्या सईसाला कळलं होतं. त्याच्या तळव्याला कळलं होतं. त्याला विचारलं कुणीच नाही, कारण त्या साखळीत त्याचा शब्द सगळ्यात शेवटचा. माझाही त्याच्यापेक्षा फार वर नव्हता, कारण माझं बिल ट्रेनर चुकते करत होते. हा दोष एका ट्रेनरचा म्हणून मी सोडून देत नाही. मी असेही ट्रेनर पाहिलेत जे शंका आली की रेसमधून नाव काढून घेतात आणि मालकाच्या शिव्या खातात. पण घोड्याचं हित एका भल्या माणसाच्या स्वभावावर टांगलेलं असणं, यातच सगळं आलं. धावायच्या आधी तपासणारा डॉक्टर ट्रेनरच्या किंवा मालकाच्या पैशावर असता कामा नये, आणि सांध्यात इंजेक्शन दिलेल्या घोड्याला ठरावीक दिवस रेसबंदी असलीच पाहिजे. या दोन गोष्टींसाठी मी ओळखीच्या प्रत्येकाशी भांडते.

सुधारणा शक्य असते का? असते. अमेरिकेत २००९ मध्ये दर हजार धावांमागे २ घोडे मरत होते. २०२३ मध्ये तो आकडा १.३२ वर आला. मध्ये २०१९ साली सांता अनिता रेसकोर्सवर एका मोसमात तीस घोडे गेले, गदारोळ झाला, औषधांचे नियम कडक झाले, उभ्या घोड्याच्या पायाचं पीईटी स्कॅन (हाडातली इजा लवकर दाखवणारी तपासणी) करणारं यंत्र तिथे बसवलं. म्हणजे लोकांनी आकडा मागितला की आकडा कमी होतो. मात्र हा हिशोब रेसमधल्या जखमांचा आहे, सकाळच्या सरावात मोडलेले पाय त्यात धरलेले नाहीत. माझी घोडी अशा हिशोबात कुठेच आली नसती. आपल्याकडे प्रत्येक रेसकोर्सनं मोसम संपल्यावर दोन्ही आकडे, रेसमधले आणि सरावातले, वर्तमानपत्रात द्यावेत. रेसबुकात मैदान किती मऊ आहे याचा पेनेट्रोमीटरचा आकडा छापता येतो, तर हाही छापता येईल.

मैदानाचा विषय निघालाच म्हणून. आपला पुण्याचा मोसम पावसाळ्यातला, जुलैपासून पुढे. हिवाळा लागला की मुंबईला महालक्ष्मीला. पावसानं मऊ झालेलं हिरवळीचं मैदान टणक मैदानापेक्षा पायांना एकंदरीत बरं. त्यामुळे "चिखलात पळवतात म्हणून पाय मोडतात" हा समज तेवढासा खरा नाही. धोका असतो तो वरून सारखं दिसणाऱ्या पण एका ठिकाणी घट्ट, एका ठिकाणी पोकळ असलेल्या जमिनीत.

चाबकाबद्दल तुम्ही विचारलंय. त्यावर फार लिहीत नाही, कारण मला त्यात संदिग्ध काही दिसत नाही. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये माणसाच्या आणि घोड्याच्या कातडीचे नमुने शेजारी ठेवून पाहिले. वेदना जाणवणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांमध्ये म्हणावा असा फरक नव्हता. अंगावर बसलेली एक माशी ज्याला कळते आणि तेवढीच कातडी थरथरवून जो तिला उडवतो, त्याला चाबूक कळत नाही असं म्हणणं मला पटत नाही. नॉर्वेनं १९८२ पासून चाबूक बंद केला, तिथे रेस बंद पडल्या नाहीत.

चाबूक आणि पडणं यांपेक्षा मला जास्त अस्वस्थ करतो तो घोड्याचा बाकीचा दिवस. पहाटे तास-दीड तास काम, आणि मग उरलेले साडेबावीस-तेवीस तास बारा बाय बाराच्या खोलीत. घोडा हा कळपाचा प्राणी, दिवसातले पंधरा-सोळा तास मान खाली घालून चरत चालणारा. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, कारण निसर्गानं त्याला सतत चारा खाणारा धरलंय. आपण त्याला तीन-चार वेळा ओट आणि भरड्याची चंदी देतो, वैरण मोजून देतो, आणि मधले तास आम्ल रिकाम्या जठराला खातं. रेसच्या सरावातल्या बहुसंख्य घोड्यांच्या जठरात व्रण असतात. दुर्बीण घालून मी ते कितीदा पाहिलेत याची मोजदाद नाही. भरधाव पळताना एरवी मिनिटाला तीस-चाळीस ठोके देणारं हृदय दोनशेवीसच्या पुढे जातं आणि फुप्फुसातल्या केशवाहिन्या दाबानं फुटतात. रेसनंतर तपासलं तर अर्ध्याहून जास्त घोड्यांच्या श्वासनलिकेत रक्ताचा अंश सापडतो. नाकातून बाहेर येतं ते फार थोड्यांच्या, म्हणून स्टँडवरून कुणाला दिसत नाही.

कधी संधी मिळाली तर जुन्या तबेल्यातल्या खोलीचा अर्धा दरवाजा बघा. वरची फळी मधोमध चंद्रकोरीसारखी झिजलेली असते. घोडा वरचे दात तिथे रोवतो, मान ताणतो आणि ढेकर दिल्यासारखा आवाज काढून हवा ओढतो. दिवसातून शेकडो वेळा. कुणी याला वाईट खोड म्हणतात आणि गळ्याला पट्टा बांधतात. रोज रानात सोडलेल्या, दुसऱ्या घोड्याच्या मानेला मान घासणाऱ्या घोड्यात मी ही खोड क्वचित पाहिलीय.

सासरे बहुधा हेही म्हणाले असतील की घोड्याला पळायला आवडतं. आवडतंच. शिंगरं मोकळी सोडा, शेपटी वर करून उधळतील, बघताना डोळ्यात पाणी येईल. मग मिनिटभरात थांबतील, फुरफुरतील आणि चरायला लागतील. कधी थांबायचं हे ती ठरवतात. रेसमध्ये नेमकं तेवढंच त्यांच्याकडून काढून घेतलेलं असतं. जॉकी पडला तरी घोडा इतरांबरोबर पळतच राहतो, हा पुरावा म्हणून सांगतात. कळप पळत असताना मागे राहिलेल्याला वाघ खातो, हे त्याच्या रक्तात आहे. तो जिंकायला पळत नसतो.

आता रविवारनंतरचं. जे पडले नाहीत त्यांचं. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो आणि रेसमधून सहाव्या-सातव्या वर्षी बाहेर पडतो. चांगल्या घोड्या आणि मोजके घोडे पैदाशीला जातात. बाकीचे, विशेषतः खच्ची केलेले, कुठे जातात? काही राइडिंग स्कूलला, काही पोलोला, काहींचा मालक खरंच जीव लावून शेवटपर्यंत सांभाळतो. उरलेले हातोहात खाली खाली घसरत जातात.

सहा वर्षांपूर्वी नगर रस्त्यावरच्या एका लॉन्सबाहेर वरातीचा घोडा बिथरला म्हणून मला बोलावलं. जनरेटर, डीजे, फटाके, आणि त्यात जरीची झूल घातलेला एक उंच घोडा घामानं निथळत उभा. वरातीच्या घोड्याची ती चण नव्हती. पुढच्या पायाची मागची कंडरा धनुष्यासारखी फुगलेली, म्हणजे कधीतरी दौडीत फाटून भरलेली. रेसच्या घोड्याच्या मानेत कातडीखाली ओळखीची चिप असते. तिथे रीडर लावला, नंबर आला. आपल्या देशातल्या प्रत्येक रेसच्या घोड्याची जन्मनोंद जिथे होते ते स्टड बुकचं कार्यालय इथेच, पुण्यात आहे. नंबरावरून नाव कळलं, बाप कळला, आई कळली. दोन रेस जिंकलेला घोडा. मधल्या पाच वर्षांत त्याचे तीन मालक झाले होते आणि त्यांतला एकच मला शोधता आला. ज्याच्याकडे तो होता तो माणूस वाईट नव्हता. त्यानं त्याला राजा नाव ठेवलं होतं आणि स्वतः जेवायच्या आधी त्याला वैरण टाकायचा. पण डीजेच्या भिंतीपुढे उभं राहणं या जातीच्या रक्ताला जमणारच नव्हतं, आणि दुसरा घोडा घ्यायला त्याच्याकडे पैसे नव्हते. आम्ही चार-पाच जणांनी वर्गणी काढून त्याला एक शांत घोडी घेऊन दिली आणि राजाला आणलं. पणज्या-खापरपणज्यापर्यंतची नोंद चोख ठेवणाऱ्या धंद्याला शेवटच्या मालकाची नोंद ठेवणं अवघड नसावं. प्रत्येक बक्षिसातून ठरावीक टक्के त्या घोड्याच्या नावावर बाजूला काढणंही अवघड नसावं.

पुण्याच्या घोड्यांचा आणखी एक रस्ता आहे. पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे पूर्वी मुंबईच्या हाफकिन संस्थेला सीरम बनवण्यासाठी दिले जात, आणि त्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटची कल्पना पुढे आली. आजही नाग, मण्यार, घोणस, फुरसं चावल्यावर जे इंजेक्शन देतात ते घोड्याच्या रक्तातून येतं. त्याला विषाचे अगदी थोडे डोस देत जातात, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात, ती काढून घेतात. घोड्याला त्रास होतो, हे खरंच. पण मुळशीच्या भातखाचरात घोणस चावलेल्या बाईला त्याशिवाय उपाय नाही. घोड्याला मोकळं रान, पुरेसा चारा आणि रक्त काढण्यात पुरेसं अंतर असेल, तर त्या कामाचं मी समर्थन करू शकते. रेसचं तसं समर्थन मला इतक्या वर्षांत सापडलेलं नाही. त्या घोड्याच्या जिवाच्या बदल्यात आपल्याला मिळते ती एका दुपारची करमणूक आणि तिकिटावरचे पैसे.

कायद्याच्या भरवशावर राहू नका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये आहे. घोड्यांच्या रेस हा कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये म्हटलं ते खरं, पण तिथे प्रश्न जुगाराचा होता.

मग उद्याच बंदी घाला म्हणते का? नाही. उद्या बंदी आली तर परवा तबेल्यांतल्या घोड्यांना कोण पोसणार, हे मला आधी विचारायचंय. आणि ज्याच्या तळव्याला पाय ऊन लागतो त्या सईसाचं घरही त्यावरच चालतं. आधी पैदास कमी व्हावी, दोन वर्षांच्यांच्या रेस थांबाव्यात, चाबूक जावा, निवृत्तीचा निधी सक्तीचा व्हावा. एवढं केल्यावर धंदा परवडत नसेल, तर इतके दिवस त्याची किंमत घोडे भरत होते असा त्याचा अर्थ होईल.

तुमचं म्हणाल तर, मी स्वतः रेस बघायला जात नाही. तबेला सोडल्यापासून एकदाही गेलेले नाही. माझं मत तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, तुम्हीही जाऊ नका. सासऱ्यांशी मात्र भांडू नका. त्यांच्या पिढीचं त्या मैदानाशी वेगळं नातं आहे आणि घोडा बघून हरखणारा माणूस निर्दय नसतो. त्यांना एकच विचारा, गेल्या पाच वर्षांत तुम्ही ज्यांच्यावर पैसे लावलेत त्यांतला एखादा घोडा आज कुठे आहे? आणि दयेपोटी निवृत्त घोडा विकत घ्यायचा विचार डोक्यात आला असेल तर थांबा. पुण्याच्या आसपास घोडा नीट सांभाळायला महिन्याला वीस हजारांच्या खाली जमत नाही, आणि तो पुढची पंधरा-वीस वर्षं जगणार आहे.

मुलीला खरं सांगा. नऊ वर्षांच्या मुलीला कळतं. घोड्याला आजीसारखं पडून राहता येत नाही, म्हणून डॉक्टरांना ते करावं लागलं, आणि त्याचा पाय आधीच दुखत असेल, पण ते वेळेवर कुणी ऐकलं नसावं. यातला दुसरा भाग गाळू नका.

आणि तिला घोडे आवडतात असं तुम्ही लिहिलंय, ते यानं तुटू देऊ नका. कुठल्याही चांगल्या राइडिंग स्कूलमध्ये रविवारी सकाळी लहान मुलांना घोड्यांजवळ जाऊ देतात. राजाही तशाच एका ठिकाणी आहे, सतरा वर्षांचा, डाव्या डोळ्यानं थोडं कमी दिसतं, दिवसभर एका म्हाताऱ्या तट्टाबरोबर रानात असतो. जाल तिथे आधी विचारून घ्या, समोरून किंवा उजव्या-डाव्या खांद्याकडून जा, मागून नको. गाजर नेलंत तर लांब फाका करून न्या. गोल चकत्या घशात अडकतात. आणि तिला सांगा, तळहात अगदी सपाट ठेव, बोटं मिटलेली.